पिवळ्या सापळ्यांची साक्ष

१

बारा वाफे होते आणि बाराही सारखेच खाल्ले गेले होते.

डॉ. साधना देवरे बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. टोमॅटोच्या पानांची पार चाळण झाली होती. हिरव्या फळांना देठाजवळ गोल भोकं पडली होती आणि त्यांतून अळ्यांची ओली विष्ठा ओघळत होती. जानेवारीचं कोवळं ऊन पडलं होतं, गंगापूर धरणाकडून गार वारा येत होता आणि संशोधन केंद्राची माणसं एखाद्या घरी माणूस गेल्यावर जमावीत तशी गप्प उभी होती.

वाफे सारखे खाल्ले गेले, हाच तर गुन्हा होता. बारापैकी सहा वाफ्यांच्या मुळाशी जिवाणूंची आळवणी केलेली होती, म्हणजे जिवाणू मिसळलेलं पाणी ओतलेलं होतं, आणि उरलेल्या सहांना नुसतं पाणी दिलेलं होतं. केंद्राने दहा वर्षं खपून शोधलेला हा जिवाणू टोमॅटोच्या मुळांवर राहतो, झाडाने मुळातून सोडलेल्या साखरेवर जगतो आणि त्या बदल्यात झाडाला अळीशी लढायला तयार करतो, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. म्हणजे सहा वाफे हिरवेगार असायला हवे होते. ते नव्हते. याचा सरळ अर्थ कुणालाही कळला असता. त्या सहा वाफ्यांना जिवाणू मिळालेच नव्हते. कुणीतरी मधल्यामध्ये जिवाणूंचे कॅन पळवले होते.

"पुन्हा तेच, मॅडम," संचालक डॉ. बोरस्ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वीसारखंच. म्हणून तर तुम्हाला निवृत्तीनंतरही त्रास दिला. तेव्हा तुम्ही तीन दिवसांत चोर धरला होता."

साधनाबाईंना बरं वाटलं. ते प्रकरण त्यांच्या चांगलं लक्षात होतं. चंदर पगारे नावाचा शेतमदतनीस होता, आळवणीचं काम त्याच्याकडे होतं. वाफे खाल्ले गेले, चौकशी साधनाबाईंकडे आली आणि चंदरच्या घरी, विंचूरजवळच्या वस्तीत, केंद्राचे दोन कॅन सापडले. एवढंच नव्हे तर त्याच्या आईने अंगणालगत लावलेली चाळीस टोमॅटोची झाडं अळीचा एक डाग न पडता उभी होती. सगळा निफाड तालुका अळीने हैराण असताना! जिवाणू कुठे गेले हे सांगायला आणखी काय पुरावा हवा? चंदरला काढून टाकलं. पुढे साधनाबाईंच्या निरोप समारंभात त्या चौकशीचा खास उल्लेख झाला होता.

"यावेळी कुणावर संशय आहे?" त्यांनी विचारलं.

"संशय कसला, खात्रीच आहे. हर्षल शेवाळे. पीएच.डी.चा विद्यार्थी. आळवणी तोच करतो. आणि त्याच्या मामाचं विंचूरला जिवाणू खतांचं दुकान आहे." बोरस्ते जवळ सरकले. "परवा समितीची बैठक आहे. अहवालात नाव आलं की मी त्याची नोंदणी रद्द करतो."

साधनाबाईंनी खाली वाकून एक रोप मुळासकट उपटलं. मुळांना काळी माती चिकटलेली होती.

"आधी माती तपासा," त्या म्हणाल्या. "सहाही वाफ्यांची. मुळांवर जिवाणू आहेत की नाहीत ते कळेल."

बोरस्त्यांनी भुवया उंचावल्या. "तेव्हा कुठे तपासली होती?"

प्रश्न साधाच होता. साधनाबाईंनी ते रोप मातीसकट त्यांच्या हातात दिलं.

२

हर्षल समोर बसला तो मान खाली घालूनच. सटाण्याकडचा उंच, काटक मुलगा. बोटांची नखं मातीने काळी झालेली.

"मी सहाही वाफ्यांना मोजून आळवणी केलीय, मॅडम. प्रत्येक झाडाला शंभर मिली. तीन वेळा."

"पाहिलं कुणी?"

"पहाटे गारव्यात करावी लागते. कोण बघणार?"

"आणि मामाचं दुकान?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "मामाचं दुकान आहे म्हणून मी चोर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही मला विचारताय तरी. इथे सगळे म्हणतात, पगारेंना कुणी विचारलंच नव्हतं."

"सगळ्यांचे जबाब घेतले होते मी," साधनाबाई तुटकपणे म्हणाल्या आणि वहीत लिहिलं : उद्धट. काहीतरी लपवतोय.

दुसरी आली निकिता. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याचं काम तिचं. ती रडून आली होती, पण बोलताना आवाज स्थिर होता.

"कल्चर चांगलं होतं, मॅडम. खात्री म्हणून मी त्याच कॅनमधलं घेऊन प्रयोगशाळेमागे दहा कुंड्या लावल्यात. पाचांना जिवाणू, पाचांना पाणी. चला ना, बघा."

साधनाबाईंनी पाहिलं. भिंतीलगत कुंड्या मांडलेल्या होत्या. पाच रोपं कुरतडलेली, पाच ताजी टवटवीत.

"इथे चालतं आणि पन्नास पावलांवर नाही? काय फरक आहे?"

"तोच तर कळत नाही. रोपं तीच, माती तीच, खत तेच. या कुंड्या प्रयोगाबाहेरच्या म्हणून यांना तुमचं कीडनियंत्रणाचं वेळापत्रक लावलं नाही, एवढंच. फवारणी तर तिकडेही नाहीये."

"हं," साधनाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कुंड्या या मुलीच्या ताब्यात, वाफे हर्षलच्या. म्हणजे बोट पुन्हा हर्षलकडेच जात होतं.

तिसरा मोतीराम. पेठकडच्या डोंगरातून येऊन पंचवीस वर्षं शेताची राखण करणारा म्हातारा. सहा वर्षांपूर्वी याच्याच साक्षीवर चंदरचा निकाल लागला होता. साधनाबाईंनी त्याला खुर्ची दिली, पण तो उकिडवाच बसला.

"हर्षलला कॅन नेताना पाहिलंस का?"

"नाय, बाई. पोरगं सकाळी येतं, पाठीवर पंप घेतं, वाफ्यात जातं. मी आपला सापळं बदलीत असतो."

सापळे म्हणजे हातभर लांबीचे पिवळे चिकट पत्रे. काठीला बांधून पिकात उभे करायचे. पिवळ्या रंगाला भुलून पांढरी माशी येते आणि चिकटते.

"त्ये बी एक नवल हाय," मोतीराम बोलत राहिला. "काही वाफ्यांतले पत्रे आठ दिसांत काळेकुट्ट होतात. काही तसेच पिवळे राहतात. बदलून बदलून कंटाळा येतो."

साधनाबाईंनी मान डोलावली. म्हाताऱ्याला बोलायला माणूस मिळाला की तो असाच भरकटे.

"बरं, आठव. चंदर भरलेले कॅन घेऊन गेला ते तू पाहिलं होतंस ना? तसं काही यावेळी—"

"भरलेले?" मोतीरामने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "भरलेले मी कधी म्हणलो, बाई?"

"जबाबात आहे तुझ्या."

"चंदर कॅन घेऊन गेला, येवढंच म्हणलो मी. कॅन मोकळे की भरलेले, मला फाटकातून काय दिसतंय? तुम्हीच इचारलं, भरलेलेच असणार ना? मी मान हालवली. तुमच्यापुढं नाय कसं म्हणणार?"

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मातीचा अहवाल आला. निकिताने तो त्यांच्यासमोर ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

सहाही वाफ्यांत, प्रत्येक नमुन्यात, मुळांवर जिवाणू होते. भरपूर होते. पाणी दिलेल्या सहा वाफ्यांत नव्हते.

म्हणजे हर्षलने आळवणी केली होती. चोरी झालीच नव्हती.

साधनाबाईंनी चष्मा काढून पुसला. पहिला विचार आला तो हर्षलचा नव्हता. जिवाणू मुळांवर असूनही जर झाडं खाल्ली जात असतील, तर वाफे खाल्ले गेले हा चोरीचा पुरावाच होत नाही. आज होत नाही आणि सहा वर्षांपूर्वीही होत नव्हता.

"मला पगारेची फाइल हवी," त्या म्हणाल्या.

फाइल आली. त्यांच्याच अक्षरातली अनुक्रमणिका, त्यांच्याच सह्या. कोपरा न् कोपरा नीट जुळवलेला. फाइलबरोबर एक जाड पाकीट होतं, लाख लावून बंद केलेलं. मोहरेवरही त्यांचीच आद्याक्षरं.

मोतीरामचा जबाब तिसऱ्या पानावर होता. टंकलेखनात वाक्य होतं, "चंदर पगारे यांस कॅन घेऊन जाताना मी पाहिले." त्यात "कॅन" या शब्दाच्या आधी एक छोटी खूण होती आणि ओळीच्या वर निळ्या शाईत एक शब्द घातला होता : भरलेले. निळी शाई आणि 'भ'ची ती गाठ ओळखायला त्यांना दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

त्यांनी पानं उलटली. जबाब क्रमांक एक, दोन, तीन, चार. चंदरचा जबाब कुठे होता? त्यांनी अनुक्रमणिका पाहिली. पुन्हा सगळी फाइल पाहिली. चंदरचा जबाब नव्हता. हरवला नव्हता, घेतलाच गेला नव्हता. कॅन सापडल्यावर त्यांना तो घ्यावासा वाटला नव्हता.

शेवटी एक वहीचं पान डकवलेलं होतं. सांभाळून काढलेलं, शाळकरी अक्षर.

"मी सहाही वाफ्यांना आळवणी केली आहे. कॅन मोकळे झाल्यावर धुतले आणि ते धुवणाचे पाणी घरी आईच्या टमाट्याला घातले. कॅन भंगारात जाणार होते. कृपा करून वाफ्यांची माती तपासून घ्यावी. म्हणजे खरे काय ते कळेल. आपला विश्वासू, चंदर पगारे."

खाली समासात निळ्या शाईत शेरा होता : गरज नाही. सा. दे.

खोलीत निकिता होती. साधनाबाईंना वाटलं, तिने हे पान पाहिलं नसेल तर बरं. आणि असं वाटलं याचीच त्यांना मग लाज वाटली.

४

पण एक कोडं अजून शिल्लक होतं. जिवाणू मुळांवर आहेत, तर झाडं का खाल्ली गेली? ते सुटल्याशिवाय चंदर निर्दोष ठरत नव्हता. सहा वर्षांपूर्वीची माती आता कुठून आणणार?

साधनाबाई उठून प्रयोगशाळेमागे गेल्या. कुंड्यांपाशी जमिनीवरच बसल्या आणि टवटवीत रोपांचं एकेक पान उलटून पाहू लागल्या. तिसऱ्या कुंडीत एका पानामागे त्यांना हवं ते दिसलं. एक मेलेली अळी, नुसती सुरकुतलेली कातडी उरलेली, आणि तिला लागून गव्हाच्या दाण्यापेक्षा बारीक करडा कोश.

"निकिता, इकडे ये. हा कोश कशाचा?"

"मित्रकीटकाचा. ती बारीक गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला खातं आणि बाहेर येऊन कोश करतं."

"आणि ती माशी या कुंडीपर्यंत आली कशी?"

"वासावर. अळीने पान कुरतडलं की अळीची लाळ पानाला लागते, आणि झाड एक वास सोडतं. त्या वासावर—" निकिता थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "मुळाशी जिवाणू असले की झाड तो वास जास्त सोडतं!"

"म्हणजे आपला जिवाणू अळीला मारतच नाही. तो झाडाला हाक मारायला शिकवतो. मारणारी ती माशी." साधनाबाई सावकाश उठल्या. गुडघे दुखत होते. "इथे हाक मारली, माशी आली, अळी मेली. तिकडे वाफ्यांत झाडांनी हाक मारली नसेल?"

"मारली असणार. पण मग माश्या गेल्या कुठे?"

साधनाबाई वाफ्यांकडे चालू लागल्या. मोतीराम आदल्या दिवशी काय म्हणाला होता, ते त्यांना आता शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

जिवाणूंच्या पहिल्या वाफ्यात चार पिवळे सापळे उभे होते. चारही काळे पडलेले. त्यांनी भिंग लावलं. पांढरी माशी थोडी होती. बाकी सगळ्या मुंगीला पंख फुटावेत तशा बारीक कमरेच्या गांधीलमाश्या, पाय ताणून चिकटलेल्या. शेजारच्या पाण्याच्या वाफ्यातल्या सापळ्यावर तीन होत्या.

झाडांनी हाक मारली होती आणि माश्या आल्याही होत्या. अळीपर्यंत पोहोचायच्या आतच सापळ्यांनी त्यांना धरलं होतं.

"इतके सापळे इथे लावले कुणी?" निकिता म्हणाली. "लहानशा वाफ्यात चार म्हणजे फारच—"

तिने जीभ चावली. केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दर वाफ्याला चार सापळे हा कीटक विभागाचा नियम होता, आणि आठ वर्षांपूर्वी तो घालून देणाऱ्या विभागप्रमुख होत्या डॉ. साधना देवरे. निवृत्तीनंतरही तो कुणी बदलला नव्हता. फलकावर लावलेला होता, त्यांच्या सहीसकट.

परत येऊन त्यांनी पाकिटावरची लाख फोडली. सहा वर्षांपूर्वी पुरावा म्हणून त्यांनीच प्रत्येक वाफ्याचा एक सापळा प्लास्टिकमध्ये घालून ठेवला होता. पिवळा रंग विटला होता, पण किडे जागच्या जागी होते. सोबत मोजणीचा तक्ता. पांढरी माशी, फुलकिडे आणि शेवटचा रकाना : इतर.

जिवाणूंच्या सहा वाफ्यांत इतर : एक्केचाळीस, अडतीस, बावन्न, सत्तेचाळीस, छत्तीस, पन्नास.

पाण्याच्या सहा वाफ्यांत : तीन, पाच, दोन, चार, दोन, सहा.

तेव्हा त्यांनीच हे मोजलं होतं. एकेक किडा मोजून आकडे लिहिले आणि वर नाव घातलं "इतर". आता त्यांनी भिंगाखाली बाराही सापळे पुन्हा पाहिले. इतर म्हणजे त्याच बारीक कमरेच्या गांधीलमाश्या. सहा वर्षांपूर्वीही त्या सहा वाफ्यांतल्या झाडांनी हाक मारली होती, आणि मुळाशी जिवाणू असल्याखेरीज ती एवढी मोठी असूच शकत नव्हती. चंदरने आळवणी केली होती.

आणि त्याच्या आईची चाळीस झाडं? धुवणाच्या पाण्यातले थोडेसे जिवाणू तिथल्या मुळांवर रुजले, वाढले. मोकळं अंगण, सापळा एकही नाही. माश्या आल्या आणि त्यांनी आपलं काम केलं. ज्या हिरव्या झाडांना साधनाबाईंनी चोरीचा पुरावा म्हटलं होतं, तीच त्या जिवाणूची पहिली यशस्वी चाचणी होती.

निकिता दारात उभी होती. "मॅडम, पाणी आणू?"

साधनाबाईंनी मान हलवली. आपल्याशी कुणी चांगलं वागलेलं त्यांना त्या क्षणी नको होतं.

५

बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं. माती, कुंड्या, सापळे. समितीची माणसं खूश झाली. जिवाणू काम करतो हे सिद्ध झालं होतं, सापळे काढले की झालं. बोरस्त्यांनी टाळी वाजवली.

"आणि पगारे?" साधनाबाईंनी विचारलं. "त्याच्यावर अन्याय झालाय. माझ्याकडून."

बोरस्ते हसले, प्रेमानेच. "मॅडम, तेव्हाच्या माहितीवर तेव्हाचा निर्णय. आपण लिहू, नियोजनातील तांत्रिक त्रुटीमुळे पूर्वीच्या प्रयोगाचे निष्कर्षही तपासावे लागतील. नाव कशाला घ्यायचं? जुनं उकरून काढलं तर पहिलं तुमचंच नाव खराब होईल. चाळीस वर्षांची सेवा आहे तुमची."

बोरस्त्यांनी लिहून पुढे केलेल्या त्या वाक्याकडे साधनाबाईंनी पाहिलं. गुळगुळीत वाक्य होतं, त्यात कुणीच नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी सही केली.

बाहेर हर्षल उभा होता. त्याने वाकून पायांना हात लावला. "मॅडम, तुम्ही माती तपासायला सांगितलीत म्हणून वाचलो. दुसरं कुणी असतं तर ऐकलंच नसतं."

साधनाबाईंना त्याच्याकडे बघवेना. "ऊठ," त्या म्हणाल्या. "ऊठ आधी." मग त्या तशाच वळल्या, आत गेल्या आणि बोरस्त्यांच्या टेबलावरून ते पान उचललं. सगळे बघत असताना त्यांनी आपल्या सहीवर काट मारली आणि खाली मोकळ्या जागेत, चंदरचं नाव घालून, लिहायला सुरुवात केली. शाई निळीच होती. अर्धं पान लिहून झाल्यावर त्यांनी नव्याने सही केली.

"हे असंच जाईल," त्या म्हणाल्या. कुणी विरोध केला नाही. कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

६

साधनाबाई जेल रोडच्या घरून निघून येवल्याच्या एसटीत बसल्या आणि विंचूरला उतरल्या. कांद्याच्या बाजारात दुपारचा लिलाव संपत आला होता. चंदर गोण्या शिवत होता. केस पांढरे झाले होते. त्याने त्यांना लांबूनच ओळखलं, दाभण गोणीत खुपसून ठेवलं आणि हात पुसत उठला.

"नमस्कार, मॅडम."

"चंदर, तू निर्दोष आहेस हे सिद्ध झालंय. मी ते सांगायला आलेय." त्यांनी अहवालाची प्रत पुढे केली. "माफी मागायला आलेय."

त्याने कागद घेतला नाही. "घरी चला," तो म्हणाला. "आईला सांगा."

वस्तीतलं घर तेच होतं. अंगणालगतची जागा मोकळी होती, गवतही नव्हतं. त्याची आई कुसाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. चंदरने सांगितलं, कोण आलंय. त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

"चाळीस झाडं व्हती," त्या म्हणाल्या. "फळांनी वाकलेली. चोरीच्या औषधावर पिकलेली म्हणून कुणी हात लावीना. उपटली म्या. त्या दिसापून तिथं काय लावलं नाय."

साधनाबाईंनी अहवाल उघडला आणि वाचायला लागल्या. दोन ओळींनंतर कुसाबाईंनी हात वर केला.

"ह्ये इंग्रजीत हाय. आमच्या पोराला चोर म्हणलं त्ये मराठीत म्हणलं व्हतं."

चंदरने आतून वही आणि पेन आणून दिलं. साधनाबाई ओट्यावर बसून लिहू लागल्या. पान झाल्यावर चंदरने ते घेतलं आणि बोट ठेवत सावकाश वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इथं लिवलंय, गैरसमजातून."

"हो. माझा गैरसमज झाला."

"गैरसमज कसा व्हईल, मॅडम? समजून घ्यायला इचारावं लागतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "सकाळी नऊला बोलावलं व्हतं मला. पाच वाजेपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसलो. डबा बी खाल्ला नाय. म्हणलं, जेवायला गेलो अन् तेवढ्यात हाक आली तर? मंग शिपाई म्हणला, मॅडम गेल्या."

साधनाबाईंना आठवलं. त्या दिवशी त्या मागच्या दाराने गेल्या होत्या. बाकावर बसलेला माणूस चुकवण्यासाठीच. इतकी वर्षं हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी तो शब्द खोडला. त्याजागी लिहिलं : "मी चंदर पगारे यांना एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी माती तपासा असा अर्ज केला, तो मी नाकारला. साक्षीदाराच्या जबाबात मी माझ्या हाताने शब्द घातला. ते समोर दिसू नयेत म्हणून मी मागच्या दाराने निघून गेले."

शेवटचं वाक्य त्याला माहीत नव्हतं. ते त्याने पुन्हा बोट ठेवून वाचलं.

"परत केंद्रात यायचं असेल तर मी—"

"नाय, मॅडम." त्याने ते पान त्यांच्या हातात दिलं. "तिथं नाय. इथं वाचा. विहाराम्होरं. सांजच्याला सगळी असतात."

ऊन उतरलं तेव्हा बुद्धविहाराच्या ओट्यासमोर तीस-चाळीस माणसं जमली. बाजारातून परतलेली, शेतातून आलेली. बाया पदर सावरून भिंतीलगत बसल्या. साधनाबाईंनी आयुष्यभर सभागृहांत भाषणं केली होती. इथे त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं. त्यांनी वाचलं. चंदरने चोरी केली नव्हती. त्याने काम चोख केलं होतं. कुसाबाईंचे टोमॅटो चोरीच्या औषधावर नव्हे, कॅनच्या धुवणावर वाढले होते. चूक कुणाची, तेही वाचलं, शब्द न गाळता.

कुसाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. चंदर खांबाला टेकून उभा होता. वाचून झाल्यावर आक्काबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत उठली. तिला भांडायचं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं असावं, असंच तिने विचारलं.

"बाई, याची नोकरी गेली. त्याच्या मायनं झाडं उपटली. मंग तुमचं काय झालं?"

साधनाबाईंच्या डोळ्यांसमोर निरोप समारंभ आला. शाल, नारळ, बोरस्त्यांचं भाषण. त्यांनी कागदाची घडी घातली.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.